निवाऱ्याच्या दारातल्या अटी

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेचे प्रगणक देशभर फूटपाथ, पुलांखालच्या जागा, रेल्वे स्थानके आणि देवळांची आवारे पालथी घालत होते. डोक्यावर छप्पर नसलेल्यांची गणती त्या एका रात्रीत उरकायची होती. देशात अशी १७.७३ लाख माणसे नोंदली गेली, त्यांतली ५७ हजारांहून अधिक एकट्या मुंबईत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरी निवाऱ्यांबाबत आदेश दिले आणि २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यांना योजनेचे रूप मिळाले. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी चोवीस तास, बारा महिने उघडा असणारा निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा, हा त्या योजनेचा दंडक होता. या हिशेबाने मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे कधीच उभे राहिले नाहीत. पण जे आहेत त्यांत खाटा रिकाम्या आणि त्याच रस्त्यावर माणसे झोपलेली, हे चित्रही आपल्या शहरांना नवे नाही. ‘त्यांनाच यायचे नसते’ असे त्याचे उत्तर दिले जाते आणि विषय तिथेच मिटतो. तो तिथे मिटता कामा नये. निवारा चालवणाऱ्या संस्थांनी माणसाच्या मनात शिरण्याआधी स्वतःच्या दारावरच्या अटी वाचून पाहाव्यात, एवढेच मला सांगायचे आहे.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर राहणारे बहुतेक लोक कामकरी आहेत. हमाल, नाका कामगार, कचरावेचक, केटररकडे वाढपी म्हणून जाणारी पोरे, सिग्नलवर गजरे विकणाऱ्या बाया. दादरच्या फुलबाजारात पहाटेआधीच माल उतरतो. लग्नातला वाढपी रात्री एक-दीडला सुटतो. रात्री दहाला कुलूप आणि सकाळी सातला सगळे बाहेर, असा नियम करणारा निवारा या दोघांनाही दारातच नाकारतो. त्यात हे लोक कुटुंबाने राहतात. रेलिंगला बांधलेली ताडपत्री, तीन दगडांची चूल, एक ट्रंक, आणि कागदपत्रांची पिशवी अंगावरच्या कपड्यांत, कारण अतिक्रमणाची गाडी आली की सामानासोबत रेशनकार्डही जाते. पुरुषांचा निवारा एका टोकाला, बायकांचा दुसऱ्या टोकाला, आणि वयात आलेल्या मुलाने आईजवळ झोपायचे नाही, असे सांगितल्यावर ती बाई फूटपाथच निवडते. तिथे निदान सगळे एकत्र असतात. हा हिशेब तिने पुरता करून पाहिलेला असतो.

कागदपत्रांची अट तर सर्वांत निरर्थक. ज्याला पत्ता नाही त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा, आणि तो नाही म्हणून पत्ता मिळेल अशा जागेत घ्यायचे नाही! निवडणूक आयोगाने हा पेच कधीच सोडवला आहे. बेघर माणसाने मतदार नोंदणीच्या अर्जात आपली झोपण्याची जागा लिहावी. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने तिथे रात्री, एकाहून अधिक वेळा जाऊन तो खरोखर तिथेच झोपतो का ते पाहावे. खात्री पटली की वेगळा कागद लागत नाही. मतदाराला पुरते ते खाटेला पुरू नये? संस्थेने कागद मागण्याऐवजी मिळवून देण्याचे काम पत्करले पाहिजे. आधार, रेशन, बँकखाते ही निवाऱ्यात शिरण्याची पात्रता नसून निवाऱ्याने पहिल्या महिन्यात करायची कामे आहेत. इथे भीतीचाही विचार हवा. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचे दृश्य साधन नसताना फिरणाऱ्यालाही ‘भिकारी’ ठरवता येते आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातली मुख्य कलमे दिल्लीपुरती रद्द केली. पारधी कुटुंबांच्या आठवणीत तर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आहे. तो १९५२ मध्ये गेला, पोलिसी संशय गेला नाही. नाव, गाव, अंगठा मागणारा माणूस संस्थेचा आहे की सरकारी गाडीचा, हे त्यांनी कसे ओळखायचे? विश्वास बसेपर्यंत नाव न विचारता झोपू द्यावे.

व्यसनाची अट मात्र विचारपूर्वक घातलेली असते, म्हणून तिला पुराव्यानेच उत्तर द्यायला हवे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी उलटा क्रम मांडला: आधी घर द्या, उपचाराची सक्ती नको, मदत मात्र दारापर्यंत पोचवा. कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत, मानसिक आजार असलेल्या दोन हजारांवर बेघरांबरोबर हे पडताळून पाहिले. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. शेवटच्या सहा महिन्यांत आधी घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक सलग घरात राहिले, नेहमीच्या व्यवस्थेतले ३१ टक्के. व्यसन आणि आजाराची लक्षणे मात्र दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली. घराने दारू सुटते असा दावा कोणी करू नये. पण दारू सुटेपर्यंत माणसाला रस्त्यावर ठेवल्याने ती लवकर सुटते, यालाही आधार उरत नाही, आणि अटीचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुरक्षेचे काय, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी नियम वागणुकीवर हवा: मारहाण केली, छेड काढली तर बाहेर. पिऊन आला आणि गुपचूप झोपला, तर झोपू द्यावे.

मुंबईत घरे कुठे आहेत, असे लगेच विचारले जाईल. कॅनडात भाड्याला सरकारी अनुदान होते, हे मान्य. पण २०११ च्याच जनगणनेत मुंबईत साडेचार लाखांहून अधिक घरे रिकामी नोंदली आहेत. शहराची अडचण नुसत्या विटांची नाही. रोज कमावणाऱ्या कुटुंबाला वस्तीतल्या खोलीचे महिन्याचे भाडे कधी कधी जमतेही, अडते ते डिपॉझिटपाशी, आणि ‘कुठल्या समाजाचे?’ या प्रश्नापाशी. संस्था डिपॉझिट भरू शकते, भाडेकरारात साक्षीदार राहू शकते, पोलीस पडताळणीला सोबत जाऊ शकते, घरमालकाला दर महिन्याला फोन करू शकते. फुकट मिळाले की लोक चिकटतात, ही तक्रार त्यानंतर करावी. जाण्याचा मार्गच दिला नाही तर माणूस निवाऱ्यातच राहणार. त्यात त्याचा दोष काय?

आणि या सगळ्याचे मूळ पैशाच्या वाटेत आहे. खाटा आणि हजेरीपट पाहून संस्थेला पैसे दिले, तर तीच माणसे वर्षानुवर्षे निवाऱ्यात राहणे संस्थेच्या सोयीचे ठरते, आणि घर मिळवून दिलेले कुटुंब तिच्या हिशेबात घट म्हणून दिसते. महापालिकेच्या करारात वेगळे रकाने हवेत: दारातून किती जणांना परत पाठवले आणि का, किती जणांची कागदपत्रे झाली, किती कुटुंबे भाड्याच्या खोलीत गेली, सहा महिन्यांनी त्यांतली किती तिथेच आहेत. हा शेवटचा आकडा मिळवायला संध्याकाळी वस्तीत फिरणारा पगारी कार्यकर्ता लागतो. त्याचा पगार अनुदानात धरावा. संस्थांनीही तो मागितल्याशिवाय निविदेवर सही करू नये.