आजाऱ्याच्या समाचाराला

रविवारी उपासनेत आजाऱ्यांची नावे वाचली जातात. आपण डोळे मिटून प्रार्थना करतो आणि घरी जातो. एवढ्याने आपले कर्तव्य संपते काय?

मत्तयाच्या 25 व्या अध्यायात प्रभूने शेवटच्या न्यायाचे चित्र उभे केले आहे. तेथे भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र दिले की नाही, हे पाहिले जाते. आजाऱ्याला मात्र बरे केले की नाही हे नव्हे, तर त्याच्या समाचाराला गेलो की नाही एवढेच पाहिले जाते. बरे करणे आपल्या हाती नाही, जाणे आहे. म्हणून "आम्ही जाऊन काय करणार?" ही सबब तेथे टिकणार नाही.

जवळच्या निजामाबाद जिल्ह्यात डिचपल्ली येथे मेथडिस्ट मिशनच्या डॉ. इझाबेल कर यांनी 1915 साली कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. तरी ज्यांना गावाने बाहेर घातले, त्यांच्याजवळ त्या गेल्या. खात्रीची औषधे फार पुढे आली. प्रीती आधी पोहोचली होती.

आपल्या आदिलाबादकडे दुखणे बळावले की कोणाला पैनगंगेपलीकडे यवतमाळला नेतात, तर कोणाला सुमारे 300 किलोमीटर दूर हैदराबादला. तेथे डॉक्टर, नर्स सर्व असतात. पण हैदराबादेत आपल्या म्हातारीशी तिच्या मराठीत दोन शब्द बोलणारे सहसा कोणी नसते. ती घरी परतते, तेव्हा तरी आपण जातो काय?

आणि गेल्यावर काय करतो? ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ भुईवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. पुढे ते त्याची पापे शोधू लागले आणि त्याला भार झाले. आम्हीही एका बंधूकडे गेलो, चार औषधे सुचवली, घाईने प्रार्थना केली व उठलो. त्याने धरलेला हात आम्हीच सोडवून घेतला. पुढच्या आठवड्यात गेलो, तेव्हा खाट रिकामी होती.

तेव्हा बंधुभगिनींनो, उपदेश थोडा करा, बसा अधिक. रात्रभर जागलेल्या घरच्या बाईला तासभर निजू द्या. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी वर्गात न आलेल्या आजारी मुलाकडे दोन मुलांना सोबत घेऊन जावे; हा धडा त्यांना पुस्तकातून मिळणार नाही.

येत्या रविवारी एखादे नाव वाचले जाईल. त्या घराची वाट आपल्याला ठाऊक आहे.