चाकांवरच्या घराला मुक्काम दे

पांडुरंगा, आज २०२० सालची चैत्री एकादशी, आणि कोरोनाच्या साथीमुळे पंढरपुरात दिंड्या नाहीत. तुझ्या देवळाचं दार १७ मार्चपासून भक्तांना बंद आहे. त्याच दिवशी इकडे कॅलिफोर्नियातल्या राज्य उद्यानांनी आपली सगळी कॅम्पग्राउंड बंद केली. मग एकेक करत बाकीची दारंही लागली. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची कीज बेटं २२ तारखेला, यलोस्टोन २४ तारखेला, आणि १ एप्रिलला ग्रँड कॅन्यन.

मी तुझ्याशी ॲरिझोनातून बोलते आहे. क्वार्ट्झसाइट गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे. १८० डॉलर भरले की १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत तिथे आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, लावून राहता येतं. हिवाळ्यात इथे आमच्यासारख्या निवृत्तांचं अख्खं गाव वसतं. ते आता उठत चाललं आहे. शेजारचं कॅनडाचं जोडपं सीमा बंद होण्याच्या बातमीने घाईघाईने निघालं. जाताना त्यांनी काचेतूनच हात हलवला. त्यांना घरी सुखरूप पोचव.

सगळे म्हणतात, घरीच राहा. ३१ मार्चपासून इथल्या गव्हर्नरांचाही तोच आदेश आहे. विठ्ठला, आम्ही घरातच आहोत. हे घर उभं कुठे करायचं, तेवढं सुचव.

नोकऱ्या संपल्यावर आम्ही दोघांनी मिळून घर विकलं आणि या चाकांवरच्या घरात आलो. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहू नयेत. आयुष्यभर सुट्टीच्या अर्जात मोजूनमापून बघितलेला हा देश तू आम्हाला सावकाश दाखवलास. आमच्या लायसन्सवर टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनचा पत्ता आहे. तिथल्या एस्केपीज क्लबच्या पत्त्यावर आमच्यासारख्या हजारोंचं टपाल येतं, आणि आम्ही असू तिथे ते पुढे पाठवलं जातं. यांची औषधंही तशीच येतात. पण ते गाव हजार मैलांहून लांब. तिथवर जायचं म्हणजे वाटेत कित्येक पेट्रोल पंप, कित्येक रात्रींचे मुक्काम, आणि प्रत्येक ठिकाणी आपण काय घेऊन आलो आणि काय ठेवून निघालो, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला असतो. रोज फोन करून म्हणतो, आई, बाबांना घेऊन इकडे या. त्याच्या सोसायटीत दारात आरव्ही लावू देत नाहीत, आणि न्यूयॉर्कनंतर सगळ्यांत जास्त रुग्ण त्याच राज्यात आहेत. सून हॉस्पिटलात नर्स आहे. ड्युटीवरून आली की गराजमध्ये कपडे बदलते आणि तळघरात झोपते, लेकीला लांबूनच बघते. देवा, माझ्यासाठी मागण्याआधी तिच्यासाठी मागते. तिच्या तोंडावरचा मास्क, तिची झोप, तिचा धीर, सगळं शाबूत राहू दे. तिच्या घरात आणखी दोन म्हातारी माणसं जपायला जाऊ नयेत, एवढी समज आम्हाला आहेच. मुलाला वाईट न वाटता ते सांगता यावं, असे शब्द तेवढे दे.

इथे रोज सकाळी मी सिंकवरच्या पॅनलचं बटण दाबून टाक्या बघते. चांगलं पाणी चाळीस गॅलन, आणि सांडपाण्याची टाकी साधारण तेवढीच. वीस सेकंद हात धुवा, म्हणतात. म्हणून मी हात ओले करून नळ बंद करते, साबण बोटांच्या बेचक्यांपर्यंत चोळते, मग बारीक धार सोडते. खाली टोप ठेवलेला असतो, ते पाणी टॉयलेटला वापरते. तरी टाकी भरतेच. मग हे गाडी घेऊन ती रिकामी करायला डम्प स्टेशनवर जातात. तिथला नळ, झाकण, पाण्याची नळी, सगळ्याला सगळ्यांचे हात लागलेले. यांची बायपास झालेली, मधुमेह जुना. हे हातमोजे घालून खाली उतरतात आणि परत येईपर्यंत मी खिडकीशी तुझं नाव घेत उभी असते. त्या वेळी तू त्यांच्याजवळ अस.

या राज्याच्या ईशान्येला नावाहो लोकांचा मुलूख आहे. तिथल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत नळच नाही. पिंपं गाडीत घालून लांबून पाणी आणतात. साथ तिथेही शिरली आहे. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना पाणी मिळू दे, विठ्ठला. माझ्या चाळीस गॅलनांच्या काळजीत मला त्यांचा विसर पडू देऊ नकोस.

वसंतात आम्ही यूटातल्या मोआबला जाणार होतो. लाल दगडांच्या त्या गावात हॉस्पिटलच्या खाटा १७. मार्चच्या मध्यावर तिथल्या आरोग्य खात्याने बाहेरच्यांना मुक्कामाची मनाई केली. ते वाचून मला राग आला नाही, उलट हायसं वाटलं, कारण कुणीतरी खरं बोललं. आम्ही वर्षानुवर्षं ऊन पाहून गाव बदलत आलो. थंडीत खाली, उन्हाळ्यात वर. आता मेमध्ये इथे पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जाईल, आणि छपरावरच्या सौर पॅनलवर आमचा एसी चालत नाही. सहा हजार फुटांवर शो लोसारखी गार गावं आहेत. दर वर्षीच्या सवयीने मन तिकडेच धावतं. पण तिथली छोटी हॉस्पिटलं तिथल्या लोकांचा आधार आहेत. उद्या यांना धाप लागली आणि तिथली शेवटची खाट आम्ही घेतली, तर ती कुणाची घेतली असेल? इथेसुद्धा सगळ्यांत जवळचं पार्करचं हॉस्पिटल, ३५ मैलांवर, २५ खाटांचं.

तूही एकदा कुणाच्या शब्दाखातर थांबलास. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, त्याने वीट पुढे केली, आणि किती वेळ ते तू विचारलं नाहीस. त्याची सेवा मोडू नये म्हणून उभा राहिलास. तेवढी शक्ती आमच्यात कुठली? पण जे सेवा करताहेत त्यांच्या वाटेत न येता एका जागी थांबणं आम्हाला जमू दे. रस्ता बोलावील, मोकळी हवा बोलावील, कुणी सांगेल की अमक्या रानात अजून कुणी अडवत नाही. तेव्हा पाय आवर.

आमचं मन टूसॉनवर येऊन ठरलं आहे. शहर गरम आहे, पण मोठी हॉस्पिटलं आहेत, पार्कात पन्नास अँपिअरची वीज आहे, नळाचं पाणी आहे, आणि गाडीलाच जोडलेली ड्रेनची नळी, म्हणजे यांचं डम्प स्टेशनवर जाणं सुटेल. महिन्याच्या भाड्याने राहायचं आणि हलायचं नाही. किती महिने, ते तू ठरव.

आणखी एकीचं मागणं आहे. आमच्या पलीकडे एक बाई जुन्या व्हॅनमध्ये एकट्या राहतात. शाळेत शिकवायच्या. सोशल सिक्युरिटीच्या पैशांत भागवतात आणि व्हॅनखेरीज त्यांना दुसरं छप्पर नाही. १५ एप्रिलनंतर कुठे, असं विचारलं तर हसून विषय बदलतात. दहा वर्षांहून जुनी गाडी कित्येक पार्कांत घेत नाहीत, त्यांची तर त्याहून कितीतरी जुनी. मी टूसॉनच्या पार्कात फोनवर त्यांच्याबद्दल बोलले आहे. तिथल्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, मालकाला विचारते, जागा किती रिकाम्या आहेत तेही बघते, सोमवारी फोन करा.

विठ्ठला, सोमवारी त्या मालकाच्या मनात शिर. गाडीचं साल बघण्याआधी त्याला आतलं माणूस दिसू दे. दोन जागा असतील तर आम्ही शेजारी राहू, सहा फुटांवरून चहा पिऊ, एकमेकांची औषधं संपत आली का ते विचारू. एकच असेल तर ती त्यांना मिळू दे. आमची गाडी नवी आहे, पेन्शन वेळेवर येते, आणि यांच्या वहीत आणखी चार पार्कांचे नंबर लिहिलेले आहेत.