न घेतलेल्या रजेची किंमत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. इतवारी-महालातल्या गल्ल्या माणसांनी गच्च भरतात, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या नावाचे बडगे, म्हणजे पुतळे, फिरतात आणि संध्याकाळी पोरंटोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी ओढत निघतात. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात. त्यातली एक नागपूरकर या दिवसासाठी धरूनच चालतात. मात्र आदेशाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: केंद्र सरकारची कार्यालये व बँका यांना हा आदेश लागू नाही. म्हणून सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हाधिकारी कार्यालय बंद आणि महालेखापालांच्या कार्यालयात पंखे सुरू. दोन्हीकडच्या बाबूंची पोरं एकाच गल्लीत नंदी घेऊन फिरतात. एकाचा बाप घरी असतो, दुसऱ्याच्या बापाला किरकोळ रजेचा अर्ज टाकावा लागतो.

सरकारी नोकरांना सुट्ट्याच सुट्ट्या, ही तक्रार तहसीलच्या रांगेत ताटकळलेल्या माणसाच्या तोंडी असेल तर ती खोटी म्हणवत नाही. राज्याच्या यादीत अलीकडे 24 सार्वजनिक सुट्ट्या असतात, शिवाय 2025 साली भाऊबीजेची एक जास्तीची मिळाली. पण या सुट्ट्या कोणत्या कायद्याने मिळतात? 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या 25 व्या कलमाने, म्हणजे हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेशाच्या कायद्याने. देणं नेमकं कोणत्या दिवशी चुकतं करायचं, हे व्यापाऱ्याला कळावं म्हणून केलेली ती तरतूद. नोकराच्या विश्रांतीशी तिचा संबंध नव्हता. आजही सुट्टी जाहीर करणं हा सरकारचा अधिकार आहे, मागणं हा कोणाचा हक्क नाही.

न्यायालयाने हे स्वच्छ शब्दांत सांगितलं आहे. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं; त्या लढ्यात सुधीर फडक्यांसारखी मराठी माणसं होती. दादरा-नगर हवेलीत त्या दिवसाची सुट्टी 2021 साली बंद झाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी 2022 मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांनी याचिका फेटाळली. सार्वजनिक सुट्टीचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, उलट आपल्याकडे सुट्ट्या जास्तच झाल्या असाव्यात, असा एकूण सूर होता. 2024 साली 22 जानेवारीला अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेची सुट्टी देण्याला विधीच्या विद्यार्थ्यांनी आव्हान दिलं, तेही टिकलं नाही. सुट्टी द्या म्हणून जा किंवा देऊ नका म्हणून जा, न्यायालय सरकारच्या हातातली यादी हातात घेत नाही.

हक्क नाही म्हटल्यावर उरतो तो सौदा. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला. त्याआधी महिन्यातले दुसरा आणि चौथा असे दोन शनिवार मिळत. उरलेल्या शनिवारांची किंमत रोज 45 मिनिटं अशी ठरली: पावणेदहाला यायचं, सव्वासहाला जायचं. सरकारने तेव्हा मांडलेलं गणित वाचण्यासारखं आहे. आधी वर्षाला 288 दिवस, रोज सव्वासात तास, म्हणजे 2088 तास. आता 264 दिवस, रोज आठ तास, म्हणजे 2112. सुट्टी मिळाली आणि काम 24 तासांनी वाढलं! (सणांच्या सुट्ट्या या दोन्ही आकड्यांतून वजा केलेल्या नाहीत, ही त्यातली गंमत.) मला या सौद्यात गैर काही वाटत नाही. फक्त यानंतर कोणी शनिवारला खैरात म्हणू नये.

खरी मेख सुट्टीत नाही, रजेत आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 सांगतात की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेची निकड असेल तर ती नाकारता येते. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरातल्या कोणत्याही आस्थापना शाखेत विचारा, निकड म्हणजे काय ते कळेल. तारांकित प्रश्नाचं उत्तर रात्री पाठवायचं असतं, तेव्हा अर्ज टेबलावरच राहतो. दुसरीकडे 1 जानेवारी आणि 1 जुलैला प्रत्येकी 15 दिवसांची अर्जित रजा खात्यात पडते, 300 दिवसांपर्यंत साठते, आणि निवृत्तीला तिचे पैसे होतात.

या साठलेल्या रजेवर एक महत्त्वाचा निकाल आहे, तो तेव्हा नागपुरात मुख्यालय असलेल्या विदर्भ कोकण ग्रामीण बँकेविरुद्ध. तीस वर्षांहून अधिक नोकरी करून राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांना बँकेने शिल्लक रजेचे पैसे नाकारले. मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते व्याजासह द्यायला लावले. रजेचं रोखीकरण हे पगारासारखंच, म्हणून ती मालमत्ता. कायद्याचा आधार नसताना ती हिरावली तर राज्यघटनेच्या 300 अ अनुच्छेदाचा भंग होतो, असं न्यायालय म्हणालं. निकाल योग्यच आहे. पण नियम आणि निकाल शेजारी ठेवून वाचले की विचित्र चित्र दिसतं. रजा घेणं हा माझा हक्क नाही; न घेतलेल्या रजेचे पैसे मात्र माझी मालमत्ता. मग शहाणा माणूस काय करणार? रजा साठवणार. संघटनाही रोखीकरणासाठी जेवढ्या भांडतात तेवढ्या ‘मागितलेली रजा द्या’ म्हणून भांडताना दिसत नाहीत. 14 ते 20 मार्च 2023 या जुन्या पेन्शनच्या संपानंतरही वाद तोच: ते सात दिवस कोणत्या रजेत बसवायचे? संपासारखी गोष्टही शेवटी रजेच्या खात्यात जमाखर्च होऊन संपते.

ज्यांच्याकडे हे खातंच नाही, त्यांचं काय? नागपूर महापालिकेचे ऐवजदार (बदली) सफाई कामगार वर्षानुवर्षं हजेरीवर राबले. कायम होण्यासाठी 20 वर्षांची सेवा हवी, असा नियम त्यांच्या वाट्याला आला. कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर साहेबांच्याच खोलीत बसतो, पण कार्यालय बंद असल्याचा दिवस त्याला भरून मिळेल की कापून, हे शासन निर्णयात नसतं, एजन्सीच्या करारात असतं. कायम नोकर आणि सरकार यांच्यातलं भांडण वर्तमानपत्रात येतं, कारण दोघांकडेही नियमांचं पुस्तक आहे. सरकारने 24 चे 20 दिवस करावेत की नाही, यावर मी वाद घालायला तयार आहे. पण त्या चार दिवसांच्या आधी, मागितलेली अर्जित रजा नाकारायची तर लेखी कारण द्यावं, आणि कंत्राटात भरपगारी सुट्ट्यांची संख्या छापावी, या दोन गोष्टी व्हायला हव्यात.

रजा नाकारण्याऐवजी सक्तीने रजेवर पाठवण्याची पद्धत आपल्याकडे नाहीच, असं नाही. संवेदनशील जागेवरच्या बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस, पूर्वसूचना न देता रजेवर धाडा, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये बँकांना बजावलं आहे. त्याला विश्रांती मिळावी, हा हेतू नाही. तो टेबलावर नसताना घोटाळा असेल तर बाहेर यावा, म्हणून.