दानाचा कारभारी

१८७१च्या ऑक्टोबरात शिकागो जळाले. सुमारे एक लाख माणसे बेघर झाली. देशोदेशींहून मदत आली. महापौर रॉसवेल मेसन यांनी तिचे वाटप नगरपालिकेकडे न ठेवता धनिकांच्या ‘रिलीफ अँड एड सोसायटी’वर सोपविले. नगरसेवकांच्या हाताला पैसा चिकटेल, ही भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु मदतीस लायक कोण, हे ठरविण्याचा अधिकारही सोसायटीने घेतला. सामान्यांच्या घरी चौकशी होई. रांगेत उभे राहण्याचा संकोच वाटणाऱ्या प्रतिष्ठितांसाठी मात्र स्वतंत्र समिती! अर्ज तपासणे हा आम्हां कारकुनांचा धर्म. तपासणीवाचून लबाडांचे फावते, हे खरे. पण गरज तपासता तपासता माणसाचे शील तपासण्याचा हक्क दात्याने कोणाला दिला होता? १८७३च्या डिसेंबरात बेकारांचा मोर्चा निघाला, तेव्हाही निधी शिल्लक होता. सोसायटीने तो त्यांना नाकारला.