उंबऱ्याच्या आतली तयारी

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या घरी आधीचे दोन महिने लग्नघरासारखी धांदल असते. पासपोर्ट, व्हिसा, बँकेचे कर्ज, दातांची तपासणी, चष्म्याची दुसरी जोडी, लहानसा प्रेशर कुकर, गोडा मसाला, मेतकूट आणि आजीने मऊ कापडात गुंडाळून दिलेली बोटभर उंचीची गणपतीची मूर्ती! वजनकाट्याला बॅग अडकवली की सारे घर आकड्याकडे डोळे लावून बसते. आकडा २३ किलोंच्या पुढे सरकला की मेतकुटाची पुडी बाहेर येते आणि लोकरी स्वेटर आत राहतो. आईच्या जिवाला ते लागते. पण थंडी मेतकुटाने भागत नाही, हे तिलाही कळते.

मी एक शाळामास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पण माझ्या हाताखालून गेलेली मुले आता दूरदूरच्या विद्यापीठांत जातात आणि निघण्यापूर्वी पाया पडायला येतात. बरोबर आईवडीलही असतात. पेढे होतात, चहा होतो, आणि उठता उठता आई हळूच विचारते, “गुरुजी, तिकडे जाऊन हा बदलणार तर नाही ना?”

हा प्रश्न साधा नाही. मुलगा शिकायला चालला आहे, आणि शिकणे म्हणजे बदलणेच. जो होता तसाच परत आला त्याने तिकडे जाऊन काय केले? म्हणजे एकीकडे आपण त्याला बदलण्यासाठी पाठवतो, त्यासाठी कर्ज काढतो, आणि दुसरीकडे न बदलण्याचे वचन मागतो. या दोन मागण्यांच्या मध्ये ते पोर उभे असते. त्याने कोणते वचन द्यावे? आणि आपण कोणते मागावे?

हे कोडे आजचे नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात एक मराठी मुलगी भर सभेत बोलायला उभी राहिली. आनंदीबाई जोशी यांना तेव्हा अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेला जाण्याचा त्यांचा निश्चय झाला होता, आणि लोकांचे प्रश्न थांबत नव्हते. एकटीच का जाता? परतल्यावर जातीबाहेर टाकले तर? जे कोणा बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे? आनंदीबाईंनी एकेका प्रश्नाचे शांतपणे उत्तर दिले. आपल्या देशाला स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे हे त्यांनी सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असे वचनही दिले. ते त्यांनी पाळले. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी घेऊन त्या वर्षअखेर त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

या कथेत मला एक गोष्ट फार बोचते. लोकांनी त्यांना जातीविषयी विचारले, धर्माविषयी विचारले. पण “तुम्ही जे शिकून याल त्याचा उपयोग आम्ही कसा करून घेऊ?” हे कोणी विचारले नाही. ज्ञानाची गोष्ट त्यांनी स्वतःहून काढली. लोकांनी मागितली ती फक्त न बदलण्याची हमी.

पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, राजकोटच्या एका आईनेही अशीच हमी मागितली. मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही, अशी शपथ घेतल्यावरच पुतळीबाईंनी मोहनदास गांधींना विलायतेला जाऊ दिले. मुंबईत जातीची सभा भरली, त्यांना जातीबाहेर टाकले गेले, आणि त्यांना मदत करणाऱ्याला किंवा निरोप द्यायला बंदरावर जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरला. तरी ४ सप्टेंबरला ते बोटीत बसले. लंडनमध्ये शपथेपायी त्यांची उपासमार झाली. पण शपथ मोडली नाही.

आता यातली गंमत पाहा. हिंदुस्थानात असताना, इंग्रजांना घालवायचे तर सर्वांनी मांस खाल्ले पाहिजे, असे या तरुणाला मनातून वाटत असे. तो मांसापासून दूर राहिला तो आईवडिलांपायी आणि मग शपथेपायी. लंडनच्या एका शाकाहारी खाणावळीत त्याने हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक विकत घेतले, वाचले, आणि त्या दिवसापासून तो स्वतःच्या बुद्धीने शाकाहारी झाला. वचन अक्षरशः पाळले गेले. परंतु पाळणारा माणूस बदलला होता. आईसाठी जपलेली गोष्ट आता त्याची स्वतःची झाली होती. आईला हवे होते ते बदलाच्या वाटेनेच मिळाले! मग बदलाला एवढे का भ्यावे?

पण त्याच प्रवासाची दुसरी बाजूही आहे. मोहनदास विलायतेत असतानाच पुतळीबाई वारल्या. परक्या मुलखात त्याला धक्का बसू नये म्हणून भावाने ते कळवले नाही. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबई बंदरात उतरले. आईला भेटायची ओढ लागली होती, आणि तेव्हा कळले की आई केव्हाच गेली. भावाच्या मनात माया होती यात संशय नाही. तरी मला विचारावेसे वाटते, या मायेला तो अधिकार होता काय? मुलगा जिला मनात धरून शपथ सांभाळत होता, ती या जगात नाही हे त्याला ठाऊक नसावे?

वाचक म्हणतील, तेव्हा पत्र पोचायला आठवडे लागत. आता फोनवर समोरासमोर तोंड दिसते, असे कसे घडेल? घडते, रोज घडते. वडिलांच्या पायाला प्लॅस्टर असते तेव्हा आई फोन स्वयंपाकघरात नेऊन बोलते. “बाबा?” “बाबा बाहेर गेलेत रे.” आणि तिकडे मुलगाही बर्फ दाखवतो, वाचनालय दाखवतो, उपाहारगृहात भांडी घासून सोललेले हात मात्र कॅमेऱ्यासमोर आणत नाही. दोघेही एकमेकांना जपत असतात, आणि अशा जपण्यातच माणसे परकी होत जातात. दोन वर्षांनी तो विमानतळावर उतरतो तेव्हा ज्याला आपण ओळखत होतो तो हा नसतो, आणि जे घर तो आठवत होता ते हे नसते. मग आपण म्हणतो, परदेशाने मुलगा बदलला. पण बदलाने नव्हे, तो लपवल्याने अंतर पडलेले असते.

आणखी एक हिशेब निघण्याआधी मांडला जात नाही. शिकायला एक जण जातो. किंमत घर मोजते. विलायतेच्या खर्चासाठी पत्नीचे दागिने विकावेत, असे गांधींनीच सुचवले होते. कस्तुरबांच्या मांडीवर तेव्हा काही महिन्यांचे मूल होते. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये बुद्धाचा धर्म जाणून घेण्यासाठी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश आणि पुढे हार्वर्डपर्यंत ही वाट गेली. महाराष्ट्राला पाली भाषेचे आणि बौद्ध विद्येचे दार उघडून मिळाले ते त्या वाटेमुळेच. धर्मानंदांचे ऋण आपण मानतो, ते योग्यच आहे. पण त्या विद्येचा पहिला हप्ता साखवाळच्या घरात बाळाबाईंनी भरला होता, हे कोण मोजतो?

याचा अर्थ त्यांनी जायला नको होते, असा मी मुळीच करीत नाही. आजही घर गहाण पडते, धाकटीचे शिक्षण एक वर्ष लांबते, आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन “पुढच्या वर्षी” होते. हे सारे होऊनही जावे. पण जाणाऱ्याला ते ठाऊक असावे. मोठेपणा मिरवण्यासाठी नव्हे, टोमणा मारण्यासाठी तर नव्हेच. आपली विद्या ही आपल्या एकट्याची मिळकत नाही, एवढे उमगावे म्हणून. पैशांचे कर्ज पगारातून फिटते. हे ऋण पैशाने फिटत नाही. ते मनात धरून वागावे लागते.

आणि घराची जबाबदारी? तिची आठवण एका करारामुळे होते. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. अट अशी की शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. खाण्यापिण्याची शपथ नव्हे, विद्येच्या उपयोगाचा करार! मला ही मागणी श्रीरामपूरच्या प्रश्नांपेक्षा कितीतरी शहाणी वाटते. ठरल्याप्रमाणे १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास हजर झाले. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत, आणि शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. शेवटी त्यांना बडोदे सोडावे लागले. परत येणाऱ्याने शब्द पाळला होता. मोडला तो त्याला जागा न देणाऱ्यांनी. त्यांच्यात आलेली विद्या लोकांना दिसली नाही, जात तेवढी दिसली.

आपल्या घरांतून एवढा क्रूरपणा घडत नसेल. पण परत आलेली मुलगी जेवताना काही निराळे बोलली की “तिकडची हवा लागली” म्हणून आपण तिला गप्प करतो. गावच्या पाण्याविषयी, शाळेविषयी, घरातल्या सुनेच्या कामाविषयी मुलगा काही विचारू लागला की “चार दिवस आलास, गोडधोड खा” म्हणतो. मग ती मुले पुढच्या खेपेला पाहुण्यांसारखी येतात, भेटवस्तू देतात, आणि जातात. त्यांना पाहुणे आपणच केलेले असते.

म्हणून त्या आईला माझे सांगणे असे असते : बाई, “बदलू नकोस” असे वचन मागू नका. तो ते देईल, कारण निघताना गळा दाटलेला असतो. आणि मग ते पाळता न आल्याने तुमच्यापासून तोंड लपवील. मागायचेच तर एवढे मागा, की “जो बदल होईल तो आम्हाला सांग.” आणि आपल्या बाजूने वचन द्या, की “घरचे बरेवाईट तुझ्यापासून लपवणार नाही, आणि तू जसा येशील तशाला इथे जागा असेल.” हे दुसरे वचन देणे अवघड आहे. त्यासाठी घरालाही थोडे शिकावे लागते. मुलाच्या बॅगा भरताना आपल्याला जी तयारी करायची असते ती हीच.

फराळाचे डबे आता टपालाने, कुरियरने समुद्रापार पोचले असतील. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अनेक घरांतून फोन लागतील. पणत्या दाखवल्या जातील, नवे कपडे दाखवले जातील. त्या वेळी बाबांच्या पायाला प्लॅस्टर असेल तर तेही दाखवावे. मुलाच्या जिवाला लागेल, रात्रभर झोप येणार नाही. पण सकाळी तो पुन्हा फोन करील, आणि या खेपेला आपले सोललेले हातही दाखवील.