आपल्या माणसापुरती दया

जावाच्या दक्षिण किनाऱ्यालगत नुसाकम्बांगान नावाचे तुरुंगांचे बेट आहे. 29 एप्रिल 2015 रोजी मध्यरात्र उलटल्यावर तेथे आठ जणांना गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. अँड्र्यू चॅन आणि मयुरन सुकुमारन हे दोन ऑस्ट्रेलियन, रॉड्रिगो गुलार्ते हा ब्राझिलियन, आफ्रिकेतून आलेले चौघे आणि एक इंडोनेशियन. सगळ्यांचा गुन्हा एकच, अमली पदार्थांची तस्करी. मार्चमध्ये चॅन आणि सुकुमारन यांना बालीहून या बेटावर हलवले, तेव्हा चिलखती गाड्या आणि शस्त्रसज्ज पोलिसांचा ताफा बरोबर होता. दोन कैद्यांसाठी एवढा फौजफाटा लागत नाही. तो कोणाला तरी दाखवण्यासाठी असतो. गोळीबारानंतर ऑस्ट्रेलियाने आपला राजदूत माघारी बोलावला. जानेवारीतल्या मृत्युदंडांनंतर ब्राझील आणि नेदरलँड्स यांनीही तेच केले होते. जकार्ताचे उत्तर ठरलेले होते : आमचा देश, आमचा कायदा. पण याच एप्रिल महिन्यात, जेमतेम पंधरा दिवस आधी, सौदी अरेबियात खुनाच्या आरोपावरून एका इंडोनेशियन मोलकरणीचा शिरच्छेद झाला होता आणि आम्हाला आगाऊ कळवलेदेखील नाही, म्हणून हेच जकार्ता संतापले होते. परदेशात मृत्यूच्या छायेत असलेल्या आपल्या नागरिकांसाठी याच देशाच्या सरकारांनी शिष्टमंडळे धाडली होती, एका मोलकरणीसाठी तर ‘दिया’ची, म्हणजे रक्तमूल्याची, प्रचंड रक्कमही उभी केली होती. इंडोनेशियाला दुटप्पी ठरवणे सोपे आहे. पण या सगळ्या वादात दुटप्पी नसलेला देश शोधायला गेलो, तर हाती फारसे काही लागत नाही, आणि त्याचे कारण या भांडणाच्या इतिहासात आहे.

परक्याला आपल्या कायद्याने मृत्युदंड द्यावा की नाही, हा तंटा सर्वांत आधी पेटला तो अफूवरूनच. त्याची पूर्वपीठिका मात्र खुनाच्या खटल्यांची. 1784 मध्ये ‘लेडी ह्यूज’ या ब्रिटिश जहाजावरून सलामीची तोफ डागताना दोन चिनी माणसे दगावली, तेव्हा कँटनच्या अधिकाऱ्यांनी तोफची मागून घेतला आणि त्याला गळा आवळून मारले. 1821 मध्ये एका अमेरिकी जहाजावरच्या खलाशाचेही तेच झाले. आमचा माणूस चिनी न्यायाच्या हाती द्यायचा नाही, ही गाठ पाश्चात्त्य व्यापाऱ्यांच्या मनात तेव्हाच बसली. मग 1839 मध्ये शाही आयुक्त लिन झेशू कँटनला आले. त्यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त केली आणि हुमेनच्या किनाऱ्यावर खंदक खणून, पाणी, मीठ आणि चुना घालून ती विरघळवली. हे काम सुमारे तीन आठवडे चालले होते. पण युद्धाची ठिणगी पडायला अफूच्या नाशाइतकाच एक कागदही कारणीभूत ठरला. जहाजात अफू सापडली तर देहान्ताची शिक्षा मान्य आहे, असे हमीपत्र प्रत्येक परदेशी कप्तानाने लिहून द्यावे, अशी लिन यांची मागणी होती. ‘थॉमस कूट्स’ या जहाजात अफू नव्हती. त्याच्या कप्तानाने सरळ सही केली आणि व्यापार सुरू केला. दुसरे एक ब्रिटिश जहाज तीच वाट धरू लागले, तेव्हा ब्रिटिश युद्धनौकांनीच त्याला अडवले आणि त्यातून नोव्हेंबर 1839 ची पहिली मोठी चकमक झडली. आपल्याच व्यापाऱ्याने परक्या कायद्याला मान तुकवू नये, म्हणून आरमाराने आपल्याच जहाजावर तोफ रोखावी, यात त्या काळच्या ब्रिटिश भूमिकेचे सगळे सार आले.

लिन यांनी राणी व्हिक्टोरियाला उद्देशून लिहिलेल्या पत्रातला युक्तिवाद आज सिंगापूर किंवा जकार्ताच्या प्रवक्त्याच्या तोंडी सहज शोभेल : तुमच्या देशात व्यापाराला येणाऱ्या परक्याने तुमचा कायदा पाळायचा, तर आमच्या देशात तुम्ही आमचा का पाळू नये? या प्रश्नाला तर्काने उत्तर मिळालेच नाही. 1842 च्या नानकिंग तहाने हाँगकाँग गेले आणि पुढच्याच वर्षीच्या पुरवणी करारान्वये चीनमधल्या ब्रिटिश नागरिकांवर चिनी न्यायालयाचा अधिकार उरला नाही. ही सवलत 1943 पर्यंत टिकली. आपण मराठी वाचकांनी हा इतिहास वाचताना थोडे अवघडून बसायला हवे, कारण त्या पेट्यांतली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात होती. जार्डिन मॅथेसन कंपनीचे मुंबईतले भागीदार जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्या संपत्तीतून उभे राहिलेले रुग्णालय आजही मुंबईच्या गोरगरिबांना औषध देते. अमली पदार्थांचा पूर जेव्हा आपल्या बंदरातून वाहत होता, तेव्हा त्याला तस्करी न म्हणता व्यापारस्वातंत्र्य म्हणत होते.

म्हणूनच वसाहती मोकळ्या झाल्यावर आशियातल्या नव्या सरकारांनी या प्रश्नावर इतकी ताठर भूमिका का घेतली, हे समजायला अवघड जात नाही. सिंगापूरने 1975 मध्ये मृत्युदंड अनिवार्य केला : 15 ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉइनच्या तस्करीसाठी. मलेशियाने 1983 मध्ये तेच केले. 1986 मध्ये क्वालालंपूरच्या पुडू तुरुंगात केव्हिन बार्लो आणि ब्रायन चेंबर्स या ऑस्ट्रेलियनांना फाशी झाली. पंतप्रधान बॉब हॉक यांनी या कृत्याला रानटी म्हटले आणि मलेशियाचे पंतप्रधान महाथीर यांच्याशी आलेला दुरावा बराच काळ राहिला. 1994 मध्ये सिंगापूरने योहानेस व्हान डॅम या डच अभियंत्याला फासावर चढवले. नेदरलँड्सच्या राणीची विनंतीही कामी आली नाही. गोरा माणूसही सुटत नाही, हे दाखवून देणे या सरकारांना शिक्षेइतकेच महत्त्वाचे वाटत असावे.

याच काळात पश्चिमेच्या युक्तिवादाने मात्र कात टाकली. ‘आमच्या माणसावर तुमचा अधिकार नाही’ असे उघड म्हणण्याची सोय राहिली नव्हती. त्या जागी आले ‘कोणत्याही माणसाला या गुन्ह्यासाठी मारू नये’. 1966 च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात मृत्युदंड ‘अत्यंत गंभीर’ गुन्ह्यांपुरताच ठेवावा असे म्हटले होते. जाणूनबुजून केलेल्या हत्येपलीकडचे गुन्हे, म्हणजे अमली पदार्थांचेही, त्यात बसत नाहीत, हा अर्थ हळूहळू रूढ झाला आणि 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने तो स्पष्ट शब्दांत मांडला. कागदावर हा बदल फार मोठा आहे. पहिली मागणी आपल्या माणसाला कायद्यातून वगळण्याची होती. दुसरी सगळ्यांसाठी कायदाच बदलण्याची आहे. माझे म्हणणे एवढेच, की सरकारे भाषा दुसऱ्या मागणीची वापरतात, पण वागतात पहिलीप्रमाणे. आणि समोरच्याला हे लगेच कळते.

ऑस्ट्रेलियाचेच पाहा. 2007 च्या निवडणूक प्रचारात मजूर पक्षाच्या एका नेत्याने बाली बॉम्बस्फोटातल्या दोषींच्या मृत्युदंडालाही आपला विरोध असेल असे म्हटले, तर त्यांचेच पक्षप्रमुख केव्हिन रड यांनी त्यांना जाहीरपणे फटकारले. 2008 मध्ये त्या दोषींना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा कॅनबेराने राजदूत परत बोलावला नाही. त्याहून बोचरी गोष्ट अशी, की 2005 मध्ये चॅन आणि सुकुमारन यांची टोळी बालीत पकडली गेली ती ऑस्ट्रेलियाच्याच संघीय पोलिसांनी इंडोनेशियाला दिलेल्या माहितीवरून. ते सिडनीला उतरल्यावर पकडले असते, तर शिक्षा तुरुंगवासाची झाली असती. मृत्युदंड जवळ आला तेव्हा पंतप्रधान टोनी ॲबट यांनी त्सुनामीच्या वेळी केलेल्या मदतीची आठवण करून दिली आणि इंडोनेशियातल्या लोकांनी ती मदत फेडायला नाणी गोळा करायला सुरुवात केली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही वृत्ती तत्त्वाच्या भाषेत गुंडाळली की ऐकणाऱ्याला दुप्पट झोंबते.

यावर पहिला आक्षेप येईल तो समानतेचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. त्या रात्री नुसाकम्बांगानवर एक इंडोनेशियनही मारला गेला, त्याच्यासाठी जगात कोणी मेणबत्त्या लावल्या? स्थानिकाला फाशी आणि परक्याला माफी, हा न्याय कसा? तो न्याय नाहीच, हे मान्य करायला हवे. परदेशी आरोपी भाषा, दुभाषा, वकील आणि घरची माणसे या चारही बाबतींत लंगडा असतो, हे खरे. पण त्यावर उपाय म्हणजे खटल्यातली सुरक्षा वाढवणे, पासपोर्ट पाहून शिक्षा कमी करणे नव्हे. शिवाय पासपोर्टही सगळ्यांचे सारखे वजनदार नसतात. सौदी अरेबियाने जवळपास तीन वर्षांची स्थगिती मोडून नोव्हेंबर 2022 मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी पुन्हा मृत्युदंड सुरू केले. त्यांत पाकिस्तानी, सीरियन, जॉर्डनी होते. त्यावरून कोणत्या राजधानीने राजदूत माघारी बोलावल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप चीनचा. 2009 मध्ये अकमल शेख या ब्रिटिश नागरिकाला उरुम्चीत मृत्युदंड दिला गेला. तो मनोरुग्ण असल्याचे त्याचे कुटुंबीय सांगत होते आणि तपासणीची मागणी फेटाळली गेली होती. ब्रिटनने निषेध केला तेव्हा चीनमध्ये अफूयुद्धाची आठवण निघाली. ती आठवण खरी आहे, पण तिचा उपयोग तपासून घ्यावा लागतो. रॉबर्ट शेलेनबर्ग या कॅनेडियनला 2018 च्या नोव्हेंबरमध्ये पंधरा वर्षांची कैद झाली होती; डिसेंबरमध्ये कॅनडाने ह्वावे या चिनी कंपनीच्या मेंग वानझोऊ यांना अटक केली आणि जानेवारीत फेरखटल्यात एका दिवसात शेलेनबर्गची शिक्षा देहान्ताची झाली. चीनने दोन्हींचा संबंध नाकारला, पण तारखा बोलक्या आहेत. शिक्षा राजकारणाबरोबर वरखाली होऊ लागली, की सार्वभौम कायद्याचा दावा लिन झेशूंच्या उंचीवरून घसरतो. लिन यांचे हमीपत्र निदान सगळ्या कप्तानांना सारखे होते.

उरला धाक. अमली पदार्थ घरेच्या घरे उद्ध्वस्त करतात, मग दया कसली, असे विचारणारे लोक दुष्ट नसतात. पण धाक बसतो कोणाला? सामान वाहून नेणारा हा या साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सहज बदलता येणारा माणूस. मालक सीमा ओलांडतच नाही. 2023 मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीला शारजात अटक झाली, कारण तिच्याकडे सोपवलेल्या ट्रॉफीत अमली पदार्थ दडवले होते. हे कुभांड असल्याचे मुंबई पोलिसांनी शोधले म्हणून ती सुटली. सिंगापूरच्या कायद्यात मात्र ताब्यात वस्तू सापडली की तिची जाणीवही होती, असे गृहीत धरले जाते आणि उलटे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो. इराणने तर स्वतःच्या अनुभवावरूनच 2017 मध्ये मृत्युदंडाची मर्यादा हेरॉइनसाठी 30 ग्रॅमवरून 2 किलोवर नेली. वर्षानुवर्षे माणसे फासावर चढवूनही तस्करी थांबली नाही, हे तेथल्या अधिकाऱ्यांनीच बोलून दाखवले होते.

गुपचूप रदबदलीने माणसे वाचतात, हे नाकारण्याचे कारण नाही. 2014 मध्ये हेरॉइनच्या आरोपावरून कोलंबोत फाशीची शिक्षा झालेले तमिळनाडूचे पाच मच्छीमार तीन आठवड्यांच्या आत घरी आले, कारण दिल्लीने शब्द टाकला आणि श्रीलंकेचे अध्यक्ष राजपक्षे यांना तो सोयीचा वाटला. पण अशी सुटका दोन नेत्यांच्या सोयीवर टांगलेली असते. याउलट मलेशियाकडे पाहा. नागेंद्रन धर्मलिंगम या आपल्या नागरिकासाठी मलेशियाच्या पंतप्रधानांनी सिंगापूरला पत्र लिहिले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या कायद्यात याच गुन्ह्याला मृत्युदंड होता. 42.72 ग्रॅम हेरॉइनसाठी 2022 मध्ये नागेंद्रनला फाशी झाली. 2023 मध्ये मलेशियाने अनिवार्य मृत्युदंड रद्द केला. सिंगापूर त्याने लगेच विरघळले नाही, पण मलेशियाच्या पुढच्या पत्राला आता निदान हात पूर्वीपेक्षा स्वच्छ असल्याचा आधार आहे.

भारताचे हात कसे आहेत? मार्च 2025 मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितले, की परदेशांत 49 भारतीयांना मृत्युदंडाची शिक्षा झालेली आहे. सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात, जे पाकिस्तानातल्या हेरगिरीच्या आरोपाचे आहे, भारताने 2019 मध्ये हेगच्या न्यायालयात बाजी मारली ती ‘आमचा माणूस सोडा’ म्हणून नव्हे, तर परदेशी कैद्याला त्याच्या वकिलातीशी भेटू देण्याचा, सर्व देशांना लागू असलेला 1963 च्या व्हिएन्ना कराराचा नियम पुढे करून. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या कलम 31-अ मधला मृत्युदंडाचा अनिवार्यपणा घटनाबाह्य ठरवला आणि 2014 मध्ये संसदेने त्यानुसार दुरुस्ती केली. पण कलम उरलेच आहे : ठरावीक प्रमाणाच्या, दुसऱ्यांदा केलेल्या गुन्ह्याला आजही न्यायाधीश फाशी देऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांत मृत्युदंडाच्या स्थगितीचा ठराव येतो, तेव्हा भारत विरोधात मत देतो. या कलमाखाली कोणी फासावर गेलेले नाही. मग ते ठेवून आपण मिळवतो काय? संसदेने ते रद्द करावे. परदेशातल्या त्या 49 जणांपैकी ज्याची पाळी पुढे येईल, त्याच्यासाठी बोलताना आपल्या राजदूताला खाली मान घालावी लागू नये.