श्रवण, चित्रगुप्त आणि दामाजीची पावती

गरुडपुराणात श्रवण नावाचे ब्रह्मदेवाचे पुत्र येतात. ते लांबचं पाहतात, लांबचं ऐकतात आणि कुणी कुठे काय केलं ते चित्रगुप्ताच्या कानी घालतात. शिवाय सूर्य, चंद्र, अग्नी, वारा, दिवस, रात्र हे साक्षीला असतातच. हे पुराण आपल्याकडे घरात कुणी गेल्यावर त्या तेरा दिवसांत वाचलं जातं, त्यामुळे ऐकणाऱ्यांचं मन थाऱ्यावर नसतं. माझं मात्र या भागाकडे नेहमी लक्ष जातं. माझी सगळी नोकरी विम्याच्या दावा विभागात गेली. दवाखान्याचा, पोलिसांचा, तहसीलचा असे कागद एका फाइलीत आणताना किती दमछाक होते ते मला ठाऊक आहे. त्या मानानं यमाचं खातं फारच चोख. फक्त एवढ्या साक्षीदारांपैकी एखाद्यानं, माणूस खड्ड्याकडे चाललाय असं दिसल्यावर धावत जाऊन त्याचा हात धरला, असं मी तरी कधी ऐकलेलं नाही. माहिती सगळी आहे, ती निवाड्यासाठी आहे, आणि निवाडा मेल्यावर आहे.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं ते आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंच्या मुलामुळे. मंडळी महासमुंदकडची. मुलगा इमारतींना परांची बांधतो, दहावी झालेला नाही, आणि कतारला कामावर जायचं त्याचं ठरलं होतं. रायपूरला आमच्या चौबे कॉलनीत कोचिंग क्लास आणि होस्टेलं इतकी झालीत की ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या चॉइस सेंटरवर विद्यार्थ्यांचीच रांग असते; त्या रांगेला कंटाळून तो कागद घेऊन माझ्याकडे आला. कागद म्हटलं की कॉलनीतले लोक माझ्याकडे येतात, निवृत्त माणसाचा तेवढाच मान.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टला ‘ईसीआर’चा शिक्का असतो. म्हणजे आखाती देश धरून अठरा देशांत नोकरीला जायचं असेल तर आधी सरकारची परवानगी लागते. ती १९८३च्या कायद्याखाली ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ नावाचा अधिकारी देतो. २०१४पासून हे काम ई-मायग्रेट या पोर्टलवरून चालतं. पासपोर्ट खातं नाव आणि जन्मतारीख पडताळतं, परदेशी मालकाची नोंद आपल्या दूतावासाशी जोडलेली असते, एजंटाचा परवाना तिथेच दिसतो, आणि विमानतळावर इमिग्रेशनवाल्याला परवानगी झाली की नाही ते आपल्या खुर्चीतून कळतं. एजंटानं तीस हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घ्यायचं नाही असा नियम आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये भरले की दहा लाखांचा अपघाती विमा. माझ्या धंद्याच्या हिशेबानं हा हप्ता अगदीच किरकोळ, आणि योजना चांगली.

गाडी अडली ती आडनावावर. एका कागदावर शेवटी इंग्रजी व्ही, दुसऱ्यावर डब्ल्यू. आमच्या छत्तीसगडात हे घरोघरी. महाभारताच्या अनुशासनपर्वात असाच एक घोळ आहे: यमानं दूताला सांगितलं, अमुक गावच्या शर्मी नावाच्या ब्राह्मणाला आण, आणि त्याच गावात त्याच गोत्राचा त्याच नावाचा दुसरा आहे त्याला आणू नकोस. दूतानं नेमका तोच आणला. यमानं त्याला सन्मानानं परत धाडलं. आमचा व्ही-डब्ल्यूचा घोळ निस्तरायला पुष्कळ हेलपाटे पडले आणि सन्मान कुणी केला नाही, पण निस्तरला खरा.

सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, “उहाँ मोला कोन चिन्हही, कका?” तिथे मला कोण ओळखणार! पाच-सहा खात्यांना त्याचं नाव, बोटांचे ठसे, आईचं नाव, बँकेचा खातेक्रमांक सगळं माहीत झालेलं होतं, आणि त्याचा प्रश्न अजून तोच होता.

मंडळात हे बोललो. महाराष्ट्र मंडळ आमच्या कॉलनीतच आहे, संध्याकाळी चार निवृत्त डोकी जमतात. त्यातले एक इंजिनिअर म्हणाले, सरकारनं इतकं जाणून घेणं हेच मुळात वाईट. मला ते पटलं नाही. मे २०२०च्या टाळेबंदीतला आमचा टाटीबंध चौक मी विसरलेलो नाही. महाराष्ट्रातून झारखंड-ओडिशाकडे चालत, ट्रकच्या टपावर बसून निघालेली माणसं तिथे उतरत होती, रायपूरकर त्यांना जेवण आणि चपला देत होते. यांतली किती वाटेत गेली असं त्या सप्टेंबरात संसदेत विचारलं, तेव्हा श्रम मंत्रालयाचं उत्तर होतं की अशी नोंद ठेवलेली नाही. ई-श्रम पोर्टल आलं ते पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२१मध्ये. ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही त्याला कुणी छळायला जात नसेलही, पण त्याला शोधायलाही कुणी जात नाही. परदेशाचंही तेच. दहावी झालेल्यांनीही आखातात जाताना नोंद करावी अशी सक्ती १ जानेवारी २०१९पासून व्हायची होती, ती ओरड झाल्यावर आधीच्या नोव्हेंबरात थांबवली गेली. दहावी पास झालेला वेल्डर परांचीवरून पडत नाही असं काही आहे का?

पण इंजिनिअरसाहेबांच्या बाजूनंही इतिहास आहे, आणि त्यात आपली मराठी माणसं आहेत. रत्नागिरीकडची कुटुंबं मुंबई बंदरातून मजुरीच्या करारावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेली. त्यांच्यासाठीही तिथे ‘प्रोटेक्टर’ होता, पाट्या बदलल्या तरी हे पद जुनं आहे. प्रत्येकाला क्रमांक, बापाचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा. १८६७च्या कायद्यानं करार संपलेल्यांनाही फोटो चिकटवलेलं तिकीट बाळगायला लावलं. तिकिटाशिवाय आपल्या हद्दीबाहेर सापडला की भटका म्हणून धरत. रक्षणासाठी लिहिलेलं नाव पोलिसांच्या हाती गेलं. १८७१मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्यानं नऊ हजारांवर सह्यांचा अर्ज पुढे केला, तेव्हा कुठे शाही आयोग बसला. आणि गंमत अशी की तीच दप्तरं आता तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, आणि पणतू-खापरपणतू त्यांतून आपलं कोकणातलं गाव शोधतात. २०२४मध्ये भारतानं मॉरिशसच्या भारतवंशीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची वाट मोकळी केली, तेव्हा ज्या कागदांनी बांधून ठेवलं होतं तेच कागद नातं सिद्ध करायला उपयोगी पडले. वही तीच. म्हणजे वही चांगली की वाईट हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो.

यावर हल्लीचं ठरलेलं उत्तर म्हणजे संमती. गांधीजींचं उदाहरण देतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये भारतीयांची सक्तीची नोंदणी त्यांनी नाकारली. जानेवारी १९०८मध्ये तडजोड झाल्यावर स्वखुशीनं ठसे द्यायला स्वतः निघाले, वाटेत आपल्याच माणसाचा मार खाल्ला. सरकार शब्दाला जागलं नाही असं दिसल्यावर ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर त्याच दाखल्यांची होळी केली. ठसे तेच होते, पण धाक दाखवून घेतले तेव्हा ती मानहानी होती आणि आपण होऊन दिले तेव्हा नव्हती. भेद बारीक आहे आणि खराही आहे. पण होळी करणाऱ्याच्या मागे समाज उभा होता. आमच्या मुलानं माझ्यासमोर जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. मी कोऱ्या कागदावर बोट ठेवलं असतं तर तिथेही केली असती. गरजवंताची संमती मागणं हा पुष्कळदा मागणाऱ्याचं मन निवांत करायचा उपाय असतो.

म्हणून मी वेदान्ताकडे वळलो, तर तिथे वेगळीच पंचाईत. साक्षी म्हणजे जो सगळं पाहतो आणि कशानंही लिप्त होत नाही. आत्म्याला हे शोभतं. कचेरीनं असं साक्षी होऊन बसणं हा मला अधर्म वाटतो. ज्यानं जाणलं त्याच्यावर ऋण चढलं. पाहिलं आणि अलिप्त राहिला तर तो ऋण बुडवतो. आणि आपल्या व्यवस्था जिवंत माणसाच्या बाबतीत साक्षी असतात, मेल्यावर एकदम कामाला लागतात. माझ्या विभागात प्रत्येक फाइल तशीच उघडायची, म्हणून हे लगेच डोळ्यांत भरतं. २०१४मध्ये मोसुलला बेपत्ता झालेले ३९ भारतीय मजूर मारले गेले हे सुषमा स्वराज यांनी २० मार्च २०१८ला राज्यसभेत सांगितलं. नातेवाइकांचे डीएनए नमुने राज्यांकडून गोळा होऊन इराकला गेले आणि ढिगाऱ्यातल्या एकेका देहाला नाव मिळालं. अवघड काम होतं, केलं. कुवेतच्या मंगाफमध्ये १२ जून २०२४ला मजुरांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले. दोन दिवसांत हवाई दलाचं विमान शवपेट्या घेऊन कोचीला उतरलं. खाती एकमेकांशी किती झटपट बोलू शकतात ते त्या दोन दिवसांत दिसलं. ते मजूर कोण होते हे ठाऊक होतं. ते कुठे आणि किती दाटीनं झोपतात हेही त्या वेगानं कुणी कुणाला कळवलं असतं तर?

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट मला इथे आठवते. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली, पकडून बिदरला नेत होते. पांडुरंगाला सगळं ठाऊकच होतं. पण तो जाणून थांबला नाही. विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याची रक्कम मोजून भरली आणि पावती मागून घेतली. पावती सापडली ती दामाजीच्या पोथीत. देवाला पावतीचं काय काम, असं लहानपणी वाटायचं. दावा विभागात आयुष्य काढल्यावर वाटत नाही. चित्रगुप्ताची वही चित्रगुप्ताकडेच राहते, दामाजीचा कागद मात्र दामाजीच्या घरी आला. एका खात्यानं मजुराची माहिती दुसऱ्याला दिली की काय दिलं, कुणाला दिलं आणि अडचणीत कोण उत्तर देणार, एवढं त्याच्या भाषेत त्याच्या हाती पडावं. मग त्याला ‘मला कोण ओळखणार’ असं विचारायला लागणार नाही. तो माणसाचं नाव घेऊन विचारू शकेल.

मुलगा दोहाला पोचला. मी त्याला राहायच्या जागेबद्दल विचारलं होतं. त्यानं कळवलं की एका खोलीत आठ जण आहेत, दार एकच, आणि खिडकीला लोखंडी जाळी आहे. बाकी तो खूश आहे, पगार वेळेवर होतो, जेवण बरं आहे. परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर गाऱ्हाणं घालता येतं, पण त्याचं गाऱ्हाणं नाहीच. इंजिनिअरसाहेब आता म्हणतात, सरळ दूतावासाला पत्र लिहा. लिहायला घेतलंय. अडलंय ते त्याच्या नावापाशी: नाव घातलं नाही तर खोली कुठली ते कळणार नाही, आणि घातलं तर पत्र फिरत फिरत मालकापर्यंत जायचं.